राडारोड्याच्या अंगणात भाजीचा उंच वाफा: तळाला काँक्रीट करू का?

निंबाची_काडी
नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीत आमचं रो हाऊस आहे, मागे १२ बाय १८ फुटांचं अंगण. घर घेताना ‘बाग’ म्हणून दाखवलं होतं. वर चार इंच लाल माती आणि खाली बांधकामाचाच राडारोडा, म्हणजे फरशीचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, मधूनच बाइंडिंग वायरचं भेंडोळं. त्याखाली मुरूम.

गेल्या जूनमध्ये वांग्याची बारा रोपं लावली. पावसाने झोडपलं की तीन-तीन दिवस पाणी तुंबायचं, बाराच्या बारा मुळातून कुजली. थंडीत मुळे पेरले. एक उपटला तर फरशीच्या तुकड्याला टेकून चक्क काटकोनात वळलेला. ह्यांनी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्यामुळे माझी बागायत आता सर्वश्रुत आहे.

खणणं बंद. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उकिडवं बसता येत नाही. म्हणून ८ बाय ३ फुटांचा, दोन फूट उंच वाफा बांधायचा विचार आहे, कडेवर बसून काम करता येईल असा. जागा दक्षिणेच्या कंपाउंडलगत. पलीकडे दुमजली बंगला आहे, पण परवाच पाहिलं, दहा ते तीन मस्त ऊन येतं. गवंडी म्हणतो खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, मग वीटकाम, आतून-बाहेरून प्लास्टर, “काकू, पन्नास वर्षं हलणार नाही.” हलणार नाही हे खरं, पण ही टाकी झाली की हो! पीसीसी करू की नको? आणि आत भरू काय? पावसाच्या आत उरकायचंय.

ओळंबा
काकू, पीसीसी अजिबात नको. गवंडी त्याला जे येतं ते सांगतोय. तळ उघडाच ठेवा, पहारीने नऊ इंच मुरूम फोडून मोकळा करा. तिथे पाणी तुंबतं म्हणालात, तर वाफ्याच्या कडेने वीतभर चर काढून तो गटाराकडे उतरता ठेवा. हे राहिलं तर वरचं सगळं फुकट.

माप कुठून धरलंय? बाहेरून ८ बाय ३ असेल तर सहा इंची ब्लॉकमध्ये आत फक्त ७ बाय २ उरेल. बाहेरून ९ बाय ४ घ्या. मधोमध दोन फुटांवर हात पोचतो, पण दोन्ही बाजूंनी फिरायला जागा हवी. १६ बाय ८ चे सॉलिड काँक्रीट ब्लॉक तीन थर रचले की बरोबर दोन फूट. एका थराला १८, म्हणजे ५४, फुटतुटीला चार जास्त. वजनाला हलके पांढरे ब्लॉक नकोत, ओल पितात. खालच्या थरातले उभे सांधे मोकळे सोडा, पाणी तिथून निघेल. सहा इंचांच्या कडेवर बसवणार नाही, वर फूटभर रुंद शहाबादी टाका. आणि कुठल्याही भिंतीला चिकटवू नका, ओल आली की शेजारी दारात.

दुपारचं_ऊन
ब्लॉक मागवायच्या आधी थांबा. ऊन मे महिन्यात मोजलंत ना? मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तेव्हा दक्षिणेच्या बंगल्याची सावली पडणारच कशी? डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेला ४८ अंशांवर असतो. बंगला २४ फूट उंच धरला तर सावली जवळपास २२ फूट. बंगला कंपाउंडपासून दहा फूट आत असेल तर तुमच्या अंगणात बारा फूट सावली. म्हणजे तुम्ही ठरवलेली जागा ऐन थंडीत अंधारात. मेथी, पालक, कोथिंबीर तीन-चार तास उन्हावर भागवतात. टोमॅटो, वांगी सहा तासांखाली नुसती उंच होतात, धरत नाहीत. उत्तरेला काय आहे?

गच्चीवरची_माळीण
भरण्याबद्दल मी सांगते, बाकी हे दोघं जाणोत. ताई, नुसती विकतची लाल माती भरू नका, मार्चपर्यंत वीट होते. ४८ घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास भरायचंय. खालचा अर्धा फूट नारळाच्या शेंड्या, काटक्या, वाळका पाला. वर एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग रसवंतीवरची चिपाडं. रसवंतीवाले आनंदाने देतात, पण आणल्यावर धुवून कडक वाळवा. मी तशीच टाकली होती, आठवडाभर मुंग्यांची जत्रा. वर शेणकाला शिंपडा, नाहीतर चिपाडं कुजताना रोपांचं नत्र खातात, पानं पिवळी पडतात.

शेणखत पुरतं कुजलेलंच घ्या. पोत्यात हात घाला, गरम लागलं तर परत पाठवा. कच्च्या शेणातून माझ्याकडे हुमणी आली. भेंडी सकाळी टवटवीत, संध्याकाळी आडवी. उकरलं तर बोटाएवढी पांढरी अळी, गुंडाळून बसलेली, डोकं तांबूस. एका वाफ्यात सतरा निघाल्या!

आणि दिवाळीपर्यंत माती सहा इंच बसेल, घाबरू नका, वर भर घाला. तळ उघडा ठेवणार तर अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी अंथरा. पुण्यात घुशी आहेत, आणि त्यांना रताळी आपल्याआधी कळतात.

निंबाची_काडी
उत्तरेला आमचंच स्वयंपाकघर आहे. दुपारचं_ऊन, तुमचं वाचून आठवलं, जानेवारीत पापड कंपाउंडकडे वाळतच नाहीत म्हणून मी स्वयंपाकघराच्या भिंतीशी घालते. बारा वर्षं घालतेय आणि वाफ्याच्या वेळी डोक्यात आलं नाही!

तर आता वाफा स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दोन फूट सोडून, नऊ फूट लांब, मागच्या दाराला तीन फूट वाट. चर आज आखला, चुन्याने. गवंड्याला फोन करून सांगितलं तळ नको म्हणून. तो गप्पच झाला. मग म्हणाला, “काकू, पण पाणी खाली निघून जाईल की.” म्हटलं, त्याचेच तर पैसे देतेय बाबा.