वायू निवत का नाही?

एकाने विचारलंय की दीर्घिकासमूहाच्या (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिकांच्या घोळक्याच्या) मध्यातला वायू सतत क्ष-किरण फेकून ऊर्जा गमावतोय, तर तो निवून त्याचे ढीगभर तारे का होत नाहीत? प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. वीसेक वर्षांपूर्वी भलेभले याच कोड्यात अडकले होते.

ययाति या दीर्घिकासमूहाचं 'चंद्रा' या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने घेतलेलं क्ष-किरण चित्र उघडून सावकाश बघा. मध्यभागी एनजीसी १२७५ ही महाकाय दीर्घिका, भोवती कोट्यवधी अंश तापमानाचा वायू आणि त्यात दोन काळपट पोकळ्या. पेज रटरटताना बुडबुडे वर येतात ना, तशाच. मधल्या कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या कणांच्या झोतांनी वायू बाजूला सारलाय. पोकळ्यांच्या बाहेर मंद तरंगही दिसतात, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिलहरी! झोतांची ही ऊर्जा वायूला ऊब देत राहते, म्हणून तो पुरता निवत नाही. ती वायूत नेमकी कशी मुरते, यावर मात्र अजून वाद आहे.

भुजंगधारी समूहाची गोष्ट मला फार जवळची वाटते. तिथे 'चंद्रा'ला वायूची एक वक्र कड दिसली होती, पण एवढी प्रचंड पोकळी असेल यावर विश्वास बसेना. २०२० मध्ये रेडिओ निरीक्षणांनी ती पोकळीच असल्याचं दाखवलं. त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता.