मदत हवी आहे: मांजर आणि चिंचिला एकाच घरात

मंडळी, राजारामपुरीत राहतो. घरात ४ वर्षांची मनी आहे, आणि गेल्या महिन्यात बहिणीची बदली झाली तसा तिचा चिंचिला (उंदराच्या जातकुळीतला, दाट मऊ केसांचा छोटा प्राणी) आमच्याकडे आला. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पारा २५ अंशांच्या वर गेला की त्याला सोसत नाही, म्हणून पिंजरा एसीच्या खोलीत. मनीलाही नेमकी तीच खोली लागते! दिवसभर पिंजऱ्यापुढं ठाण मांडून बसते. परवा जाळीतून पंजा घातला, तर चिंचिलानं घाबरून अंगावरच्या केसांचा पुंजकाच सोडला. नख लागलं नाही, पण मांजराच्या लाळेतले जंतूही त्याला घातक. दोन्ही पाळलेलं कुणी आहे का? जाळी किती बारीक घेतली? आणि कोल्हापुरात याचं कळणारा डॉक्टर कोण? मला भेटले ते सगळे म्हशी-कुत्र्यांचेच.