आडवाटेला जाताना गाइडबुक कुठलं घेता? आपापले अनुभव लिहा

पुढच्या सप्टेंबरात जॉर्जियातला स्वानेती भाग, आणि सुट्टी उरली तर आर्मेनिया, असा बेत शिजतोय. टूर कंपनी नको, आम्ही दोघंच, पाठीवर सॅक आणि मिळेल त्या मार्शरुत्काने, म्हणजे तिकडच्या वडापने. तिबिलिसी आणि काझबेगीचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण मेस्तियाच्या, म्हणजे स्वानेतीतल्या मुख्य गावाच्या, पुढे गेलं की सगळे तेच ते दगडी मनोरे ड्रोनने दाखवतात आणि गाडी कुठून सुटते, नदी कुठे ओलांडायची हे कुणी बोलत नाही. म्हणून छापील पुस्तक घ्यायचं ठरवलंय. तर ज्यांनी असं स्वतःचं स्वतः फिरून पाहिलंय त्यांनी सांगा, दुकानात तीन पुस्तकं समोर आली तर कुठलं घ्यायचं हे कसं ठरवता? "सगळं नेटवर मिळतं" हे आधीच मान्य आहे, ते सोडून लिहा :-)

कुडाळकरीण

माझी एक सवय आहे. परदेशाचं पुस्तक घ्यायच्या आधी त्याच कंपनीचं भारताचं पुस्तक उघडायचं आणि मालवण काढायचं. ताजमहाल सगळेच बरा लिहितात हो. मालवणला रेल्वे नाही, कुडाळला उतरायचं आणि तिथून एसटी नाहीतर रिक्षा, हे लिहिलंय का? पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते हे लिहिलंय का? ही दोन वाक्यं सापडली तर लेखक खरंच कुडाळ स्टेशनवर सामान घेऊन उभा राहिला होता असं मी धरते. एका नावाजलेल्या गाइडात किनाऱ्याचं वर्णन अगदी रसाळ होतं पण तिथवर पोचायचं कसं ह्यावर अवाक्षर नाही, ते पुस्तक तसंच फळीवर परत ठेवलं. तुमचं गाव पुस्तकात नसेल तर जवळचं कुठलंही घ्या, आपल्याला जे पाठ आहे त्यावरच पुस्तकवाल्याची परीक्षा होते.

निवांत_प्रवासी

धागाकर्ते, तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. लोनली प्लॅनेटचं जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान मिळून एकच पुस्तक येतं, ब्रॅट ह्या ब्रिटिश प्रकाशनाची तिन्ही देशांची वेगवेगळी. स्वानेतीसारख्या कोपऱ्याला पानं कुठे जास्त मिळणार हे सांगायला नको. ब्रॅटवाल्यांची सुरुवातच आडवाटेची. हिलरी आणि जॉर्ज ब्रॅट ह्या जोडप्याने १९७४ मध्ये पेरू-बोलिव्हियातल्या पायवाटांवर पहिलं छोटं पुस्तक लिहिलं, तेही अॅमेझॉनच्या उपनदीत एका बार्जवर बसून. अजूनही त्यांची बरीच पुस्तकं एखाद-दोन लेखकांनीच लिहिलेली असतात, त्यामुळे आवडीनिवडी एकसुरी होतात हे खरं, पण तो माणूस त्या देशात परत परत गेलेला असतो. तीन देश फिरायचे असतील, मुक्काम शहरांत असेल, तर मात्र लोनली प्लॅनेट बरं, हॉटेलं आणि नकाशे पटकन सापडतात. मी आधी लेखकाची ओळख वाचतो, मग छापल्याचं साल, मग किंमत.

शाकाहारी_पण_हट्टी

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. ह्या सगळ्या पुस्तकांत व्हिसाचं पान ब्रिटिश, अमेरिकन, युरोपियन पासपोर्टवाल्यांसाठी असतं. आपण ते पान सरळ उलटायचं आणि त्या देशाच्या सरकारी साइटवर बघायचं, दुसरीकडे कुठे नाही. आणि खाण्याचं पान मात्र दोनदा वाचायचं. "शाकाहारींनाही पर्याय आहेत" असं मोघम वाक्य लिहिणारा लेखक माझ्या कामाचा नाही, पदार्थांची नावं पाहिजेत. जॉर्जियात लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यातला राजमा, बरोबर मचादी ही मक्याची भाकरी. बदरीजानी म्हणजे वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण. आणि स्वानेतीत कुबदारी मागवू नका, वरून साधी रोटी दिसते पण आत मांस भरलेलं असतं. तिकडच्या चर्चच्या उपासाच्या दिवसांत प्राण्यांचं काहीच खात नाहीत, हे ज्या पुस्तकात असेल ते माझं.

अबेबा

वरच्या ताईंना +१. इथिओपियात हे उपास बुधवारी आणि शुक्रवारी असतात, बेयायनेतू मागायचं, इंजेरावर, म्हणजे तिकडच्या आंबवलेल्या पोळीवर, डाळी आणि भाज्या वाढून येतात, आपल्यासारख्यांची चंगळ. पण मला मुद्दा वेळेचा सांगायचाय. तिकडे तास पहाटेपासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. बसवाला म्हणाला "१२ ला सुटेल" की आपले सकाळचे सहा, आणि तुम्ही दुपारी बाराला आरामात जेवून गेलात तर स्टँडवर शेळ्या असतात फक्त. वर्ष पण तेरा महिन्यांचं आणि आपल्या मागे सात-आठ वर्षं. बहुतेक पुस्तकांत हे पहिल्या भागात 'गमतीशीर माहिती' म्हणून येतं. मी घेतलं त्यात बसच्या प्रकरणात पुन्हा लिहिलं होतं, वेळ विचारताना कुठलं घड्याळ हेही विचारा म्हणून. म्हणजे लेखकाला माहीत होतं की माणूस हे पान स्टँडवर उभा राहून वाचणार आहे.

समरकंदी

जुन्या आवृत्तीबद्दल. मामांनी त्यांचं उझबेकिस्तानचं पुस्तक दिलं होतं, त्यात पैशाचं अख्खं प्रकरण म्हणजे डॉलर न्या, बँकेत बदलू नका, बाजारात बदला, नोटांना पिशवी ठेवा. २०१७ च्या सप्टेंबरात सरकारने सोमचा, म्हणजे तिकडच्या चलनाचा, दर मोकळा सोडला, सरकारी भाव एका झटक्यात जवळपास निम्मा झाला आणि ते प्रकरण रद्दीत गेलं. पण त्याच पुस्तकात नुकुसच्या साविट्स्की संग्रहालयावर काय सुंदर लिहिलं होतं! सोव्हिएत काळात नको असलेली चित्रं ह्या माणसाने मॉस्कोपासून लांब वाळवंटात नेऊन जमवली आणि १९६६ मध्ये संग्रहालय उघडलं. नुकुसला जायचं माझ्या डोक्यातही नव्हतं, त्या पानामुळे गेलो, आणि तसंच पुढे मुयनाकला गंजलेल्या बोटी बघायला, जिथे पूर्वी अरल समुद्र होता. तर इतिहासासाठी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी आवृत्ती पण चालते, पैसे-व्हिसा-गाड्यांसाठी नवीनच.

धारकरी_दादा

मी ट्रेकवाला, त्यामुळे माझी नजर नकाशावर. सह्याद्रीत फिरताना आपण काय बघतो? पायथ्याचं गाव, वाट कुठल्या धारेवरून चढते, टाक्यातलं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं. आनंद पाळंदे, हरीश कपाडिया ह्यांची पुस्तकं वाचून डोंगर चढलेली आमची पिढी, एसटीच्या वेळा त्यातल्या कधीच्याच बदलल्या पण धार आणि खिंड तिथेच आहे ना! परदेशाचं पुस्तक पण मी असंच तपासतो. धागाकर्त्यांनी मेस्तिया ते उशगुलीची चाल काढून बघावी. आदिशी गावाच्या पुढे हिमनदीतून आलेला प्रवाह ओलांडावा लागतो, दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून सकाळी लवकर पोचायचं, तिथे गावातले लोक घोड्यावरून पार करून देतात. ज्या पुस्तकात "मग नदी ओलांडावी" एवढंच आहे ते ठेवून द्या. किती वाजता, कुठून, पाणी चढलं तर काय, हे पाहिजे.

पानंफाडू

पुस्तक जड होतं अशी तक्रार करणाऱ्यांसाठी: कटर घ्या, कणा चिरा, लागेल तेवढंच प्रकरण काढा, कडेला सेलोटेप मारा, जुन्या कॅलेंडरचा जाड कागद कव्हर म्हणून लावा. आमच्या बाबांना हे बघून हार्ट अटॅक यायचा बाकी होता, पण सॅकच्या वरच्या कप्प्यात बसतं आणि पावसात पूर्ण पुस्तक भिजत नाही. ई-बुक पण घेतलंय मी, वाचायला छान, नकाशे मात्र त्यात बघवत नाहीत. नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स ह्या अॅपमध्ये तो देश घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा.

कोचकोर_रिटर्न

किर्गिझस्तानात सोंग-कोल म्हणून तळं आहे, ३००० मीटरच्या वर, उन्हाळ्यात मेंढपाळ तिथे युर्त, म्हणजे गोल तंबू, टाकून राहतात. माझ्या पुस्तकात कुठल्याच युर्तचं नाव नव्हतं, आधी वैतागले. त्यात फक्त सीबीटीची माहिती होती. गावकऱ्यांनीच चालवलेली घरगुती राहण्याची व्यवस्था, हेल्वेतास ह्या स्विस संस्थेच्या मदतीने उभी राहिलेली, कोचकोर गावात त्यांचं ऑफिस, तिथे जा, ते घोडा आणि कुटुंब ठरवून देतात. गेल्यावर कळलं की हेच बरोबर. कुटुंबं दरवर्षी जागा बदलतात, नावं छापून उपयोग काय? हॉटेलांच्या लांबलचक याद्या असलेलं पुस्तक दोन वर्षांत शिळं होतं, कुणाला विचारायचं आणि गाडी भरल्यावर सुटते की वेळेवर हे सांगणारं टिकतं. आता मी यादी बघतच नाही, 'तिथे कसं जायचं' हा मजकूर शेवटच्या छोट्या गावापर्यंत आहे का तेवढं बघते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. काल दुकानात जाऊन कुडाळकरीण ताईंची मालवण परीक्षा आणि दादांची आदिशी परीक्षा दोन्ही घेतल्या, दुकानदार संशयाने बघत होता. जॉर्जियाचं ब्रॅट घेतलं. झुगदिदीपर्यंत तिबिलिसीहून रेल्वे आणि पुढे स्टेशनवरूनच मेस्तियाची मार्शरुत्का असं त्यात दिलंय, वेळा निघायच्या आधी नेटवर बघीन. आर्मेनियाचं वेगळं पुस्तक घ्यायचं का हे बायकोवर सोडलंय, तिचं म्हणणं आधी रजा मंजूर होऊ दे. दादा, आदिशीचं ते घोड्याचं पैशाचं काम आधी ठरवावं लागतं की काठावरच घासाघीस?

धारकरी_दादा

काठावरच. सुट्टे लारी, म्हणजे तिकडचे पैसे, जवळ ठेवा आणि बूट काढून सॅकला बांधा.