पुढे वाकवून कमरेचा एक्स-रे: उभ्याने की बसवून?

ऑर्थो रेसिडेंट: कमरेचा चौथा मणका (एल-४) पाचव्यावर (एल-५) सरकतोय का, हे बघायला आपण 'फ्लेक्शन-एक्स्टेन्शन लॅटरल', म्हणजे पुढे आणि मागे वाकवून बाजूने काढलेले एक्स-रे, लिहून मोकळे होतो. उभ्या पेशंटला वाका म्हटलं की तो खुब्यातून वाकतो, कंबर जिथल्या तिथे. दुखेल या धास्तीने पाठ आवळलेली. रिपोर्ट येतो, 'अस्थिरता नाही'. माझं मत, पुढे वाकण्याची फिल्म स्टुलावर बसवून घ्यावी. बसल्यावर पेल्व्हिस (ओटीपोटाचं हाड) मागे झुकतं, कमरेचा बाक सपाट होतो, तोल जायची भीती राहत नाही. मागे वाकण्याची उभ्यानेच.

एक्स-रे टेक्निशियन: सर, मला हे पटत नाही. बसलेला माणूस ओणवा झाला की पोट आणि मांड्या नेमक्या खालच्या मणक्यांवर येतात. अंगाने भारी पेशंट असेल तर एक्सपोजर (किरणांची मात्रा) वाढवावं लागतं. त्यात जरा तिरका बसला की मणक्याच्या कडा दुहेरी दिसतात, मग तुम्ही मोजलेल्या ३ मिमी सरकण्यावर विश्वास कसा ठेवायचा? उभ्याने मी दोन्ही खुबे एकावर एक आणतो, समोर धरायला दांडा देतो, फिल्मआधी एकदा वाकून दाखवायला लावतो. बाहेर रांग लागलेली असताना हे होत नाही, ते सुधारा. स्टूल आणून काय होणार?

फिजिओ: दोन्ही नको. कुशीवर झोपवा, गुडघे पोटाशी घ्या. भार नाही, स्नायू सैल, कोन चांगला मिळतो.

ऑर्थो रेसिडेंट: मॅडम, कोन मिळेल, पण आडवं झाल्यावर सरकलेला मणका बरेचदा जागेवर जातो. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

स्पाइन सर्जन: मग तेच वापरा ना! साधा उभ्याचा लॅटरल आणि झोपून काढलेला एमआरआय शेजारी ठेवा, फरक दिसतो. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट क्नुट्सन यांनी १९४४ मध्ये वाकवून फिल्म काढायची पद्धत मांडली तेव्हा एमआरआय नव्हता. काहीच त्रास नसलेल्यांतही ३ मिमी सरकणं सापडतं. संशय उरला तरच वाकवा. तरुण मुलींच्या पोटावर उगाच दोन जादा एक्सपोजर मला मान्य नाहीत.

ऑर्थो रेसिडेंट: सर, एमआरआय न परवडणाऱ्यांचं काय? तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रेच हातात असतो. तिथे तरी बसवून घ्या.

एक्स-रे टेक्निशियन: घेईन, पण फॉर्मवर 'बसून' असं लिहून पाठवा. नुसतं 'फ्लेक्शन' आलं तर मी उभ्यानेच काढणार. आणि पुढच्या वेळी तुलनेला तीच पोझिशन मागा, नाहीतर दोन फिल्म जुळायच्या नाहीत.