मदत हवी आहे: केटलबेल स्नॅच तिसऱ्या मिनिटाला अडकतो

मांडवीचा_मारुती:
थेट मुद्द्यावर येतो. केटलबेल (हँडल असलेला लोखंडी गोळा) घेऊन स्नॅच, म्हणजे एका हाताने पायांमधून झुलवून थेट डोक्यावर नेणं, करताना तिसऱ्या मिनिटाला पकड सुटते. दम शिल्लक असतो, खांदे-पाय ठीक असतात, फक्त बोटं उघडतात. दहा मिनिटांचा सेट दिवाळीआधी पुरा करायचाय. व्हिडिओ भरपूर बघून झालेत, लिंका नकोत. 'पकड वाढवा' म्हणणाऱ्यांनी कशी वाढवायची तेही लिहा.

रेवाकाठ:
किती किलो? हात कधी बदलता? आठवड्यातून किती वेळा? जमिनीवर टेकवता का मध्ये?

मांडवीचा_मारुती:
१६. हात दुखला की बदलतो. रोज. नाही टेकवत. आता सांगा.

जोडीवाले_काका:
अरे, बडोद्यात मांडवीत राहतोस आणि पकडीसाठी रशियन किटली धरतोस? दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे, प्रो. माणिकरावांची परंपरा आहे. मुद्गल फिरव, मल्लखांब कर, महिन्यात पंजा लोखंडी होईल. आमच्या वेळी पोरं पहाटे आखाड्यात असत, आता रात्री मोबाइलवर असतात. आणि हाताला राळ लाव, सुटायचं नाव नाही.

रेवाकाठ:
काका, आखाड्याबद्दल आदर आहेच, पण राळ नका सांगू. स्नॅचमध्ये हँडल प्रत्येक फेरीला हातात फिरतं. राळेनं ते चिकटतं आणि कातडी ओढून नेतं. इथे चॉक लागतो, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, तोही पातळ. फळ्यावरचा खडू नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

जोडीवाले_काका:
मल्लखांबावर राळ चालते, किटलीवर चालत नाही? नवलच आहे.

रेवाकाठ:
मल्लखांबावर घट्ट बसायचं असतं, इथे दर काही सेकंदांनी सोडायचं-धरायचं असतं. फरक आहे.

टोच्या:
मुळात स्नॅच करूच नये. दोन हातांचे स्विंग (बेल पायांमधून छातीपर्यंत झुलवणं) करा, दहा-दहाचे सेट, प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने झटका, वर पोट-नितंब आवळून. बस. मी दोन वर्षं एवढंच करतोय, कंबर लोखंड.

रेवाकाठ:
त्यांनी कंबरेचं विचारलेलंच नाही. आणि सगळं आवळून दहा मिनिटं कुणी टिकत नाही. ती पद्धत कमी फेऱ्यांसाठी ठीक. गिरेव्हॉय, म्हणजे स्पर्धेच्या पद्धतीत उलट शिकवतात: वर हात सरळ लॉक करून श्वास घ्या आणि जिथे जिथे सैल होता येईल तिथे व्हा. सोव्हिएत संघात १९८५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाली, आता दहा मिनिटांची मर्यादा असते आणि स्नॅचमध्ये हात एकदाच बदलता येतो. धागाकर्त्याला तेच करायचं असेल तर 'दुखला की बदलतो' हे आजच थांबवावं.

टोच्या:
स्पर्धा कुठे म्हणाले ते? तुम्हीच ठरवलंत.

सायली_कारेलीबाग:
अवांतर: साबांचा (सासूबाईंचा) गुडघा दुखतो, वय ६८. त्यांनी हलकी केटलबेल उचलली तर चालेल का? ऑर्थोपेडिककडे दाखवलेलं नाही.

शुभदा_फतेहगंज:
सायली, आधी दाखवा, मग विचारा.

मारुती, दोन प्रश्न. कातडी कुठे सोलते, बोटांच्या मुळाशी की तळव्याच्या मध्यभागी? आणि बेल कुठली, कास्ट आयर्न की स्पर्धेची? हँडल किती जाड आहे?

मांडवीचा_मारुती:
बोटांच्या मुळाशी. बेल मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून करून घेतली. पाइपचं हँडल आहे, वर चकचकीत काळा रंग. जाडीचा काय संबंध? मला तंत्र हवंय.

शुभदा_फतेहगंज:
आहे ना संबंध. स्पर्धेच्या बेलचं हँडल ३३-३५ मिमी असतं. तुमचं पाइपचं असेल तर मोजा. रंगीत हँडलवर चॉक धरत नाही, त्यात आपली बडोद्याची दमट हवा. सँडपेपरने रंग काढून उघडं लोखंड करा. आणि बेल काट्यावर टाकून बघा.

तंत्राचं सांगते. बोटं उघडतात ती वर जाताना नव्हे, खाली येताना. वरून बेल सोडताना हात शरीरापासून लांब गेला की सगळा हिसका बोटांवर येतो. वरून तळहात आत वळवा, धड किंचित मागे घ्या, बेल शरीराजवळून खाली येऊ द्या आणि कंबरेच्या उंचीपर्यंत येता येता हँडल तळव्यातून बोटांत घ्या. अंगठा तर्जनीवर, आकड्यासारखा. मूठ आवळायची नाही. दंड पोटाला टेकला की मगच नितंब मागे. वर जाताना उलट: हात हँडलमध्ये खोल घुसवा, म्हणजे हँडल अंगठ्याच्या खोबणीतून तळव्याच्या टाचेकडे तिरकं बसेल. बेल मनगटावर आपटत असेल तर तुम्ही हात उशिरा घुसवताय.

घट्टे प्युमिस स्टोनने घासत जा. उंच घट्टाच फाटतो.

जोडीवाले_काका:
पोरी, बरोबर सांगतेस. पण मुद्गल फिरवूनही हेच येतं.

शुभदा_फतेहगंज:
येतं काका, खांदा मोकळा होतो त्यानं. फिरवू दे त्याला.

मांडवीचा_मारुती:
भंगारवाल्याकडे वजन केलं. १८ किलो ७००. हँडल व्हर्नियरने ४२ मिमी. वर्कशॉपवाल्याला विचारलं तर म्हणतो, "साहेब, थोडं जास्तच दिलंय, कमी तर नाही ना?"

रेवाकाठ:
सव्वा इंची पाइप लावलाय! बाहेरून ४२ मिमीच येतो तो. तिसरं मिनिट गाठता म्हणजे पकड चांगलीच आहे तुमची.

टोच्या:
वेल्डिंग बघा आधी. डोक्यावर नेता ना ती.

शुभदा_फतेहगंज:
टोच्याशी सहमत, पहिल्यांदाच. भेग दिसली तर वर नेऊ नका. आता १२ किलो घ्या, मिनिटाला बारा-चौदा फेऱ्या, हात एकदाच बदलायचा, आठवड्यातून तीनच दिवस. रोज केल्याने हाताचे स्नायू भरून यायला सवडच मिळत नाही. आधी वेळ वाढवा, मग वेग, मग वजन. स्टँडर्ड बेल मिळाली की १६ वर या. दिवाळीचं सांगू शकत नाही.

मांडवीचा_मारुती:
१२ ची आहे घरात, पण ती बायकोची. मागितली तर म्हणते तुझी मला दे. ती तर उचलतेच ती १८.७ वाली, दोन हातांनी स्विंग.

टोच्या:
बघा! मी काय सांगत होतो!

हिरवा_चिवडा:
तो वर्कशॉपवाला डंबेल पण करतो का? किलोचा रेट काय?

सायली_कारेलीबाग:
साबांचं राहिलं. त्या म्हणतात गुडघा दुखतो म्हणून मी बाहेर जाणार नाही, मग दाखवायचं कसं?