अलमट्टीच्या पलीकडे

सांगली-कोल्हापूरच्या महापुराचे सारे खापर कर्नाटकातील कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर फोडण्याचा सूर चर्चेत नेहमी ऐकू येतो, तो मला अपुरा वाटतो. या धरणाच्या उंचीवाढीला विरोध जरूर व्हावा, परंतु 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 57 फूट गाठले, तेव्हा धरणक्षेत्रातील तुफान पावसाच्या जोडीला पूररेषेच्या आत भराव टाकून उभी राहिलेली (आणि पुढे यथावकाश नियमित होणारी!) बांधकामेही होतीच. त्याच पुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ गावी क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली नाव उलटली. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गावात मेअखेरीस तपासलेली बोट, पुरेशी लाइफ जॅकेट आणि जनावरांसाठी आधीच ठरलेली जागा हवी, कारण दावणीची म्हैस सोडून शेतकरी सहसा घराबाहेर पडत नाही.