'लास्ट सपर'वरचे जुने रंग काढायला हवे होते का?

गिलावा
मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्राझिये मठातल्या भोजनगृहात लिओनार्दो दा विंचीचे हे येशूच्या शेवटच्या भोजनाचे भित्तिचित्र आहे. 1999 साली संपलेल्या वीसेक वर्षांच्या कामात पिनिन ब्रांबिला बार्चिलोन यांनी 1726 पासून चढत गेलेले दुरुस्तीचे रंग काढले आणि उघड्या जागी फिका जलरंग भरला. माझ्या मते हे चुकले. 'तुमच्यातला एक जण मला धरून देईल' हे येशूचे शब्द ऐकताच टेबलभर उसळलेली खळबळ आता हातांवरूनच वाचावी लागते, चेहरे विरलेत.

खलबत्ता
अजिबात पटत नाही. भित्तिचित्राच्या नेहमीच्या पद्धतीत ओल्या गिलाव्यावर रंगवतात आणि तो त्याच दिवशी रंगवून संपवावा लागतो. लिओनार्दोला सावकाश फेरफार करायचे होते. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर अस्तर दिले, वर शिशाचा सफेदा लावला आणि मग रंगवले. रंग चुन्यात मुरलाच नाही, ओल आली की पोपडे सुटतात. त्यावर दुरुस्तीसाठी सरस थापला की तो वाळताना आकसतो आणि पोपड्याची कड उचलतो. म्हणजे दुरुस्तीच चित्र उपटत होती! द्रावकात भिजवलेले जपानी कागदाचे तुकडे लावायचे, थर मऊ झाला की सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने उचलायचा, असे ब्रांबिलांचे काम चालले. त्यातूनच ताटातले मासे आणि संत्र्याच्या फोडी दिसल्या.

गिलावा
फोडी मिळाल्या, मान्य. पण लिओनार्दोचा अनुयायी जाम्पिएत्रिनो याची 1520 च्या सुमाराची मोठी नक्कल आहे, इंग्लंडमध्ये विंडसरला लिओनार्दोने केलेली येशूच्या शिष्यांच्या डोक्यांची रेखाटने आहेत. चेहरे त्यावरून भरता आले असते.

खलबत्ता
नकलेवरून ओठांची ठेवण कळते. भाव भरला तर तो भरणाऱ्याचा. जलरंग निदान पाण्याने निघतो.

लाखबंद
हा 'निघतो' मुद्दा फार मोलाचा आहे. अजिंठ्यात 1920 ते 22 मध्ये निझामाने बोलावलेल्या लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन चित्रदुरुस्तीकारांनी चित्रांवर लाखेचे वार्निश दिले. ते पिवळे-तपकिरी पडले आणि पुढे पुरातत्त्व खात्याला चिकाटीने काढत बसावे लागले. मिलानलाही 1947 नंतर आधीचे दुरुस्तीकार पेल्लिच्चोली यांनी लाखच वापरली, पण पोपडे चिकटवायला, वरून झाकायला नव्हे. रंग त्यामुळे भिंतीला धरून राहिला.
तरी माझी एक हरकत उरते. आत जेमतेम 15 मिनिटे मिळतात, तीही लांबून. तेवढ्यात सपाट जलरंग कुठे संपतो आणि लिओनार्दो कुठे सुरू होतो ते ओळखू येत नाही. रोमच्या चित्रदुरुस्ती संस्थेत चेझारे ब्रांदींनी रुजवलेली बारीक उभ्या रेघांची पद्धत इथे वापरायला हवी होती: लांबून रंग जुळतो, दुर्बीण लावली की रेघ दिसते.